जुनी शेड सुरक्षित करताना खर्चाचा अंदाज कसा काढावा?



अकोला व अमरावती जिल्ह्यांत गावोगावी शेतमालावर प्रक्रिया करणारी छोटी केंद्रे उभी राहिली आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल घेऊन अनेक शेतकरी गट व महिला बचत गट तुरीची डाळ तयार करतात. कोठे कडबा-कुटी यंत्र, कोठे पिठाची चक्की, कोठे मसाला कांडप. यंत्र नवे असते. पण ते ज्या इमारतीत बसविले जाते ती बहुधा जुनीच असते. काल तेथे बैल बांधलेले असत किंवा कुटार भरलेले असे. बैलांसाठी बांधलेल्या कोठ्याला एक दार पुरते. तेथे पाच-सहा माणसे, फिरता पट्टा आणि तीन फेजची वीज आली की त्याच कोठ्याकडून वेगळ्या अपेक्षा कराव्या लागतात.

'शेड सुरक्षित करायची तर किती खर्च येईल?' असा प्रश्न निघाला की गावात दोन उत्तरे मिळतात. एक, 'पाच-सात हजारांत होऊन जाईल' आणि दुसरे, 'त्यापेक्षा पाडून नवीनच बांधा.' दोन्ही उत्तरे मोजमाप न घेता दिलेली असतात. पहिल्यामुळे काम अर्धवट राहते आणि दुसऱ्यामुळे ते सुरूच होत नाही. मोजमाप घेऊन काढलेला अंदाज काय दाखवितो, हे या लेखात एका उदाहरणाने समजून घेऊ.

कायदा कोणाला लागू होतो?

१९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार वीज वापरून १० किंवा अधिक आणि विजेविना २० किंवा अधिक कामगार असलेली जागा 'कारखाना' ठरत असे. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही संख्या अनुक्रमे २० व ४० करण्यात आली. या संहितेचा अंमल २१ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाला. म्हणजे पाच-सहा जणांनी चालविलेली डाळ मिल कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. तुमच्याकडे निरीक्षक येणार नाही आणि नकाशा मंजूर करून घेण्याची सक्तीही बहुधा नसेल. परंतु पट्ट्यात साडीचा पदर अडकला तर तेथे किती कामगार होते याने काही फरक पडत नाही. म्हणून कारखान्यांसाठी ठरलेली मापे आपण मार्गदर्शक म्हणून वापरावीत. ती मुळात अवघड नाहीत. उदाहरणार्थ, जुन्या अधिनियमात दर कामगारामागे १४.२ घनमीटर, म्हणजे सुमारे ५०० घनफूट हवेची जागा सांगितली होती. ३० फूट लांब, २० फूट रुंद व १० फूट उंच शेडमध्ये ६,००० घनफूट जागा असते, म्हणजे बारा माणसे. तुरीची पोती छतापर्यंत रचली असतील तर अर्थातच तेवढी नाहीत.

कीटकनाशकांच्या बाबतीत १९७१ च्या कीटकनाशक नियमांतील अपेक्षा ध्यानात ठेवावी. कीटकनाशकांची पाकिटे इतर मालापासून वेगळ्या खोलीत, किंवा प्रमाण व प्रकार पाहून वेगळ्या कपाटात कुलूपबंद ठेवावीत. आणि खोली असेल तर ती पक्की, कोरडी, उजेडाची व हवेशीर असावी, असे त्यांत सांगितले आहे. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती विषबाधा फवारणी करताना झाली होती, साठवणुकीतून नव्हे. तरीही ज्या द्रव्याने माणूस दगावतो ते डाळीच्या पोत्याशेजारी ठेवू नये, एवढे त्यावरून प्रत्येकाने घ्यावे.

आधी पाहणी, मग दर

अंदाज काढण्यासाठी प्रथम वही, पेन्सिल व ५० फुटी टेप घेऊन यंत्र चालू असताना अर्धा दिवस शेडमध्ये उभे राहावे. यंत्र बंद असताना केलेली पाहणी निम्मी असते. माल कोठून आत येतो, कोणत्या हाताने टाकला जातो, बाई वाकते तेव्हा पट्टा तिच्या पदरापासून किती अंतरावर असतो, तार कोणाच्या डोक्यावरून जाते, भुसा कोठे साचतो, दुपारी दोन वाजता पत्र्याखाली किती वेळ उभे राहवते हे सारे लिहून काढावे. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि तुरीची डाळ करण्याचे दिवसही साधारण तेच असतात. उकाड्याने थकलेल्या माणसाचा हात चुकतो. त्यामुळे हवा खेळती ठेवणे ही चैन समजू नये.

नंतर यादीतील प्रत्येक बाबीपुढे फक्त एक खूण करावी: ही दुरुस्ती झाल्याशिवाय उद्या यंत्र सुरू करणे योग्य आहे काय? 'नाही' असे उत्तर आलेल्या बाबी वर घ्याव्यात. येथे एक गोष्ट हमखास दिसून येते. जिवावर बेतणाऱ्या बाबी बहुधा स्वस्त असतात आणि महाग बाबी बहुधा थांबू शकतात. पण गटाच्या बैठकीत चर्चा होते ती छपराची व फरशीची, कारण ती डोळ्यांना दिसतात.

जमीन विसरू नका

बांधकामाचा अंदाज काढताना वऱ्हाडात एक बाब इतर भागांपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर दीड फुटाच्या पायावर उभी केलेली भिंत दोन-तीन वर्षांत तडकते. म्हणून पाया खोल घ्यावा, चराच्या दोन्ही बाजूंना काळ्या मातीऐवजी मुरूम भरून चांगला धुमस करावा आणि छताचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू देऊ नये. हा खर्च जमिनीखाली जातो. तो कोणाला दिसत नाही, म्हणून अंदाजातही दिसत नाही.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागांतील अनेक गावांत, आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी काँक्रीटमध्ये वापरल्यास आतील सळई गंजते. तेव्हा गोड्या पाण्याचा टँकर अंदाजात धरावा. दुसरे म्हणजे अर्थिंगचा पाईप खारवट जमिनीत लवकर गंजतो. जमीन ओलसर व खारी असल्याने सुरुवातीला अर्थिंग चांगले लागते आणि सर्वांची समजूत होते की ते कायमचे झाले. प्रत्यक्षात दर उन्हाळ्यात वायरमनकडून ते मोजून घेणे व काही वर्षांनी पाईप बदलणे आवश्यक असते.

मोजमापाची उपयुक्त मापे

पुढील आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावेत. गवंडी व गटाचा अध्यक्ष यांच्यात होणारे निम्मे वाद यामुळे टळतात.

नऊ इंची विटांची १०० चौरस फूट भिंत : सुमारे १,००० विटा, ३ पोती सिमेंट, २० ते २२ घनफूट रेती (१ : ६ प्रमाण).
साडेचार इंची १०० चौरस फूट भिंत : सुमारे ५०० विटा.
१०० चौरस फूट प्लास्टर, अर्धा इंच जाडीचे : सुमारे १ पोते सिमेंट, ५ घनफूट रेती (१ : ४).
१०० चौरस फूट जमिनीवर ४ इंच काँक्रीट : सुमारे ६ पोती सिमेंट, १५ घनफूट रेती, २९ घनफूट गिट्टी (१ : २ : ४).
रेती, गिट्टी, मुरूम व खोदकाम : १०० घनफूट म्हणजे १ ब्रास.

विटा व सिमेंटसाठी ५ टक्के तूटफूट धरावी. गावभट्टीच्या विटेचे माप जागोजागी थोडे बदलते; म्हणून पहिल्या गाडीतील दहा विटा मोजून पाहाव्यात.

उदाहरण पहिले : कीटकनाशकांसाठी वेगळी खोली

समजा, दर्यापूर तालुक्यातील एका गटाने ठरविले की डाळ मिलच्या शेडमध्ये ठेवलेली सभासदांची कीटकनाशके बाहेर काढून त्यांच्यासाठी आतून ६ फूट × ५ फूट अशी छोटी स्वतंत्र खोली बांधावी. बैठकीत कोणीतरी म्हणाले, 'बांधकामाचा भाव १,२०० रुपये चौरस फूट चालू आहे. ३० चौरस फुटांचे ३६ हजार झाले.' हा हिशेब पटण्यासारखा वाटतो. आता मापे घेऊन पाहू. पुढील सर्व दर केवळ गणित समजण्यासाठी धरलेले आहेत. आपण त्या जागी आपल्या गावातील पोहोच दर लिहावेत.

भिंत नऊ इंची. मध्यरेषेने भिंतीची एकूण लांबी २५ फूट, उंची ८ फूट, म्हणजे २०० चौरस फूट. त्यातून दार (अडीच × साडेसहा फूट) व दोन झरोके वजा जाता सुमारे १८० चौरस फूट. विटा १,८००. येथवर सर्वांचे एकमत होते.

आता पाया. चर २५ फूट लांब, २ फूट रुंद, ३ फूट खोल, म्हणजे खोदकाम १५० घनफूट. तळाशी ६ इंच जाडीचे १ : ४ : ८ काँक्रीट २५ घनफूट. त्यावर सव्वा फूट रुंदीचे बांधकाम जमिनीत अडीच फूट व जोत्याचे एक फूट, असे साडेतीन फूट. ते १०९ घनफूट भरते. नऊ इंची भिंतीच्या १०० चौरस फुटांत ७५ घनफूट बांधकाम असते, त्या हिशेबाने यास सुमारे १,४६० विटा लागतात. म्हणजे जमिनीवरील भिंतीला १,८०० आणि न दिसणाऱ्या भागाला जवळजवळ तेवढ्याच. ज्या अंदाजात पाया धरलेला नाही तो अंदाज विटांपुरता तरी निम्म्याच्या जवळपास चुकतो. डबर स्वस्त मिळत असेल तर पायात तेच वापरावे.

सर्व मिळून हिशेब असा होतो :

विटा ३,४५० × ८ रु. = २७,६०० रु.
सिमेंट २० पोती × ४०० रु. = ८,००० रु.
रेती १.१ ब्रास × ६,००० रु. = ६,६०० रु.
गिट्टी ०.४ ब्रास × ४,५०० रु. = १,८०० रु.
मुरूम १ ब्रास = १,५०० रु.
छताचे पत्रे, पाईप व हुक = ८,००० रु.
लोखंडी दार, झरोक्यांना जाळी, लिंटेलची सळई = ६,५०० रु.
गवंडी १२ दिवस × ९०० रु. = १०,८०० रु.
मजूर २४ हजेऱ्या × ५०० रु. = १२,००० रु.
खोदकाम = १,००० रु.
गोड्या पाण्याचा टँकर = १,५०० रु.
एकूण ८५,३०० रु. अकल्पित खर्च १० टक्के धरून सुमारे ९४,००० रु.

छत्तीस हजारांचे चौऱ्याण्णव हजार झाले. यात कोणी फसविले नाही. चौरस फुटाचा भाव मोठ्या घरासाठी काढलेला असतो. खोली जितकी लहान तितकी तिच्या क्षेत्रफळाच्या मानाने भिंत व पाया जास्त. तीस चौरस फुटांच्या जागेभोवती पंचवीस फूट भिंत फिरवावी लागते, हे चौरस फुटाच्या भावात येत नाही. संडास, पंपघर, कीटकनाशकांची खोली, मीटरची खोली अशा छोट्या बांधकामांना तो भाव कधीही लावू नये.

आता गटाने निर्णय घ्यावा. पाच-दहा सभासदांच्या हंगामी गरजेपुरती कीटकनाशके ठेवण्यासाठी ९४ हजारांची खोली आमच्या मते योग्य नव्हे. कुलूप लावता येईल असे लोखंडी कपाट, त्याच्या तळाशी सांडलेले द्रव झेलणारा पत्र्याचा ट्रे, वरच्या व खालच्या बाजूस जाळीचे झरोके आणि शेडच्या बाहेर सावलीत, विहीर व गोठ्यापासून दूर, वर पत्र्याची पडवी, एवढे पुरेसे आहे. यास १२ हजार धरू. नियमांना कपाट मान्य आहेच. खोली बांधावी ती कृषी सेवा केंद्र चालविणाऱ्याने किंवा शेकडो सभासदांसाठी खरेदी करणाऱ्या कंपनीने. शिल्लक राहणारे पैसे कोठे लावावेत, ते पुढे पाहू.

उदाहरण दुसरे : डाळ मिलची शेड

त्याच गटाची ३० × २० फुटांची शेड. भिंती नऊ इंची, जुन्या, मातीच्या जुडाईच्या; वर टिनाचे पत्रे; ४ × ७ फुटांचे एक दार; ३ × ३ फुटांच्या दोन खिडक्या. मोटार व मिल यांमधील पट्टा उघडा.

पहिले काम पट्ट्याचे. मोटारीची पुली, पट्टा व मिलची पुली यांना पूर्ण झाकणारी जाळीची पेटी करावी. २५ × २५ × ३ मि.मी. अँगलची चौकट व अर्धा इंची जाळी. जाळी फिरत्या भागापासून किमान ५ इंच दूर असावी, म्हणजे छिद्रातून बोट गेले तरी पट्ट्यापर्यंत पोहोचत नाही. पेटी नट-बोल्टने बसवावी; पट्टा ताणण्यासाठी ती काढता आली पाहिजे. वेल्डिंगने कायमची जोडलेली पेटी पहिल्याच दुरुस्तीत कापून फेकली जाते आणि पुन्हा कोणी बसवीत नाही. ३ × २.५ × १ फुटाच्या एका पेटीस २६ फूट अँगल लागतो, वजन सुमारे पावणेनऊ किलो. दोन पेट्यांचे साडेसतरा किलो व जाळी ३१ चौरस फूट. घडणावळीसह सुमारे ३,५०० रुपये. संपूर्ण यादीतील ही सर्वांत लहान रक्कम आहे आणि सर्वांत आधी करण्याचे काम हेच आहे. एका दिवसात होते.

दुसरे काम विजेचे. मोटारीच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र अर्थिंग असावे लागतात. त्यासाठी अडीच मीटर लांबीचे पाईप घालून दोन खड्डे. ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच, योग्य क्षमतेचे एमसीबी, उघड्या तारांऐवजी पाईपमधून वायरिंग आणि काम करणाऱ्या बाईच्या हाताला लागेल अशा जागी, मोटारीजवळ नव्हे, लाल बंद-बटण. डाळीचा बारीक भुसा तारांच्या जोडावर साचून पेट घेऊ शकतो, म्हणून जोड झाकणबंद पेटीतच असावेत. परवानाधारक वायरमनच्या मजुरीसह १८,००० रुपये धरू. कृषिपंपाच्या जोडणीवर मिल चालवू नये. वेगळी जोडणी नसेल तर तिची अनामत व शुल्क महावितरणच्या कार्यालयातून लिहून आणावे व अंदाजात वेगळे दाखवावे.

तिसरे, आगीचे. ६ किलोचे आयएसआय चिन्हाचे भुकटीचे अग्निशामक एक, वाळूच्या दोन व पाण्याच्या दोन बादल्या, स्टँडसह ४,००० रुपये. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये, हे सर्वांना सांगावे. अग्निशामकाची तपासणी व पुनर्भरण हा दरवर्षीचा खर्च आहे.

चौथे, दार व हवा. एकच दार असलेल्या शेडमध्ये दाराजवळ आग लागली तर आतील माणसांना वाट उरत नाही. समोरासमोरच्या भिंतीत ४ × ७ फुटांचे बाहेर उघडणारे दुसरे दार पाडावे. हवेसाठी साधा ठोकताळा असा की, उघडी राहणारी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या १५ टक्के असावी. ६०० चौरस फुटांस ९० चौरस फूट. सध्या दार २८ व खिडक्या १८, मिळून ४६. कमी पडतात ४४. नव्या दाराने २८ मिळतात. उरलेल्या १६ साठी २ × २ फुटांचे चार झरोके भिंतीच्या वरच्या भागात ठेवावेत. म्हणजे सुटकेसाठी पाडलेले दारच उकाड्याचेही निम्म्याहून अधिक काम करते. दारास लिंटेल, चौकट व पल्ल्यासह १२,००० आणि चार झरोक्यांस ७,२०० रुपये धरू.

कपाट १२,०००, पट्ट्याची पेटी ३,५००, वीज १८,००० व आग ४,००० मिळून ३७,५०० रुपये. या खरेदीच्या बाबींवर ५ टक्के अकल्पित पुरेत. दार व झरोके यांचे १९,२०० रुपये मात्र जुन्या भिंतीत होणारे काम आहे. मातीच्या जुडाईची भिंत फोडताना चार विटा काढायच्या तर आठ निघतात. वरचा भाग टेकू देऊन धरावा लागतो. म्हणून येथे २० टक्के धरावेत. शासकीय अंदाजपत्रकात नव्या कामावर ३ ते ५ टक्के धरण्याची पद्धत आहे, ती जुन्या कोठ्यास लागू पडत नाही. असे सर्व मिळून सुमारे ६२,४०० रुपये होतात. म्हणजे एका छोट्या खोलीच्या खर्चाच्या दोन तृतीयांशात संपूर्ण शेड सुरक्षित होते, आणि त्यात कीटकनाशकांची सोयही आलेली असते. हा फरक मापे घेतल्याशिवाय कळला नसता.

एवढे पैसे एकदम नसतील तर पेट्या, वीज व अग्निशामक यांचे २५,५०० रुपये प्रथम. कपाट त्यानंतर लगेच. दार त्याच उन्हाळ्यात. पत्र्याच्या वरच्या बाजूस चुन्याचा पांढरा हात दिल्यास आतील तगमग बरीच कमी होते. यास फारसा खर्च नाही, पण पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावा लागतो.

जिनिंग-प्रेसिंगच्या इमारती

सहकारी जिनिंगचे जे संचालक हा लेख वाचीत असतील त्यांच्यासाठी थोडे वेगळे सांगावे लागेल. तेथे कारखान्याची व्याख्या लागू होते व नकाशातील बदलांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाशी आधी बोलावे. १९४८ च्या अधिनियमात कापूस दाबण्याच्या कारखान्यासाठी एक अट होती : ज्या भागात कापूस पिंजणारे ओपनर यंत्र चालू आहे तेथे स्त्रिया व मुलांना काम देता येत नसे. यंत्राचे भरणीचे तोंड व बाहेर पडण्याचे तोंड यांच्यामध्ये छतापर्यंत आडभिंत असेल तरच भरणीच्या बाजूस स्त्रियांना काम करता येई. फिरत्या दात्यांपासून माणसे व धुळीपासून फुप्फुसे दूर ठेवणारी ही साधी आडभिंत जुन्या इमारतींत कित्येकदा अर्धवट उंचीची आढळते. ४० फूट रुंद व १८ फूट उंच आडभिंत ७२० चौरस फुटांची होते. विटांची केली तर ७,२०० विटा, शिवाय पाया व मधले खांब, आणि पायासाठी यंत्र बंद. अँगलच्या चौकटीवर पत्रा लावून केली तर पाया जवळजवळ लागत नाही व काम थोड्या दिवसांत उरकते. येथे दर चौरस फुटास पत्रा महाग दिसला तरी एकूण हिशेबात तो बहुधा स्वस्त पडतो. लाकूड किंवा ताडपत्री मात्र वापरू नये. रुईच्या आगीत तीच प्रथम पेट घेते.

दर कोठून घ्यावेत?

सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची पंचायत समितीच्या बांधकाम शाखेत पाहावयास मिळते. त्यातील दरांत ठेकेदाराचा नफा धरलेला असतो, म्हणून गटाने स्वतः साहित्य घेऊन मजुरीवर काम केल्यास खर्च कमी यावा. कमी न येता जास्त आला तर कोठे चुकले हे शोधण्यासाठी दरसूची उपयोगी पडते. साहित्याचे दर तालुक्याच्या दोन दुकानांतून, गावापर्यंतच्या भाड्यासह, तारीख घालून लिहून घ्यावेत. जुने दरपत्रक चालवू नये; सिमेंटवरील जीएसटीच घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ वरून १८ टक्के झाला. रेतीचा भाव तर लिलावाप्रमाणे महिन्या-महिन्याला बदलतो.

एक खर्च मात्र कोणत्याच दरसूचीत सापडत नाही, तो म्हणजे मिल बंद राहण्याचा. दार पाडण्यास व झरोके बसविण्यास आठ दिवस लागत असतील तर रोजची सरासरी भरडाई व क्विंटलमागे मिळणारी मजुरी यांचा गुणाकार करून आठ दिवसांची रक्कम अंदाजात लिहावी. काळ्या जमिनीतील पाया पावसाळ्यापूर्वीच झाला पाहिजे, पण तूर भरडाईचा जोरही त्याच सुमारास असतो. म्हणून पेट्या व वीज एकेका दिवसात उरकून घ्यावी, आणि भिंतीचे काम मेअखेर, माल ओसरू लागताच हाती घ्यावे. उन्हाळ्यात बांधकामास किमान सात दिवस भरपूर पाणी मारावे लागते. टँकरचा खर्च त्यामुळेच वर धरला आहे.

कर्ज घ्यावयाचे असल्यास

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना (२०२०) कर्जाशी निगडित ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान देणारी, तर कृषी पायाभूत सुविधा निधी (२०२०) दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत देणारा, अशा रीतीने सुरू झाले. यंदा अर्ज घेतले जात आहेत काय, हे तालुका कृषी अधिकारी व बँक यांच्याकडे प्रथम विचारावे. प्रकल्प अहवाल तयार करताना पट्ट्याच्या पेट्या, अर्थिंग, दुसरे दार व अग्निशामक या बाबी पहिल्याच अंदाजपत्रकात, स्वतंत्र ओळींत लिहाव्यात. यंत्राचे कर्ज मिळाल्यावर केवळ जाळीच्या पेटीसाठी पुन्हा बँकेत गेलेला गट आमच्या पाहण्यात नाही. 'इतर किरकोळ' या ओळीत त्या घातल्या तर पैसे कमी पडू लागताच सर्वप्रथम तीच ओळ कापली जाते.

काम सुरू झाल्यावर मोजणी वही ठेवावी. भिंत प्लास्टरखाली व पाया मातीखाली जाण्यापूर्वी गटाच्या दोन सभासदांनी टेप लावून लांबी, रुंदी व खोली नोंदवावी, गवंड्याची सही घ्यावी आणि त्या मापावरच रक्कम द्यावी. अर्थिंगचा खड्डा बुजविण्यापूर्वी वायरमनकडून मोजलेला आकडा, तारखेसह, स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावा. पुढच्या उन्हाळ्यात जो मोजेल त्याला तुलना करता येईल.